बोरघाटाची वाट

कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठायची म्हणून नवी मुंबई, पनवेल, उरणकडच्या दिंड्या बोरघाट चढतात. खंडाळा, कार्ला, वडगाव मावळ असे मुक्काम करीत चार-पाच दिवसांत माउलींच्या पायाशी पोहोचतात. याच वाटेने, याच ऋतूत, एकदा एक फौजही निघाली होती.

नोव्हेंबर १७७८ मध्ये इंग्रज कंपनीची फौज मुंबईहून येऊन पनवेलला उतरली. सुमारे ३,९०० शिपाई आणि ओझी वाहायला १९,००० बैल. राघोबादादांना पुण्यात कारभारावर बसवायचे, हे सांगण्याचे कारण. खरे कारण वेगळे होते. मुंबई बेट लहान. कंपनीचा डोळा भोवतालच्या साष्टी-वसईवर होता. डिसेंबर १७७४ मध्ये तिने ठाण्याचा किल्ला घेतलाच होता.

लोभ बाहेरचा होता, पण दार आतून उघडले गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. घरच्या तंट्यात हरलेल्या राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला कंपनीशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी-वसई देऊ केली. भावकीच्या भांडणात तिसऱ्याला बोलावले, की तो न्याय करायला येत नाही, वाटा घ्यायला येतो.

घाट चढल्यावर फौजेची चाल इतकी मंदावली, की दिवसाला जेमतेम कोसभर. महादजी शिंद्यांचे घोडेस्वार चहूबाजूंनी टिपत होते. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूही त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणत. ९ जानेवारीला फौज तळेगावी पोहोचली, तेव्हा गाव रिकामे होते आणि जळत होते. शत्रूला दाणा-चारा मिळू नये म्हणून ते मराठ्यांनीच पेटवले होते. दोन दिवसांनी इंग्रजांनी अवजड तोफा तळ्यात टाकल्या आणि रात्रीच्या अंधारात ते माघारी वळले. वडगावला ते पुरते वेढले गेले. १६ जानेवारीला तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत देण्याचे कंपनीने कबूल केले.

विजय मोठा होता. पण कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो तह मानलाच नाही. लढाई पुन्हा पेटली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडेच राहिली. घरातली दुही मात्र मिटली नाही. १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली.

या इतिहासात सेनापतींची नावे सापडतात. ज्यांची घरे तळेगावात जळली, त्यांची सापडत नाहीत. जानेवारीच्या थंडीत लेकरे कडेवर घेऊन ते निघाले असतील. हरणाऱ्याच्या लोभाची आणि जिंकणाऱ्याच्या डावाची किंमत त्यांनीच मोजली. देहू तिथून काही कोसांवर आहे. घरातले दाणे आणि दप्तर सोडून देणाऱ्या तुकोबांच्या त्या गावाशेजारी हे घडले.

पेशवाई बुडाल्यावर दहा-पंधरा वर्षांत आरफळचे हैबतबाबा माउलींच्या पादुका पालखीत घालून आळंदीहून पंढरीला निघाले. ते शिंद्यांच्याच दरबारचे सरदार होते. मुलुखासाठी चालण्याची रीत त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांनी माणसांना काहीही न घेण्यासाठी चालायला शिकवले. राज्ये गेली, ती चाल अजून सुरू आहे.

आज आपल्या नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, आणि त्यांच्या दारात दलाल येऊन बसतो. सुरतेचा तह असा घराघरांत होतो. म्हणून यंदा वडगावच्या मुक्कामी टाळ खाली ठेवल्यावर तळेगावच्या त्या बिननावाच्या माणसांना क्षणभर आठवू या. आणि भावाशी अबोला असेल, तर आळंदीला पोहोचण्याआधीच त्याला फोन करू या. माउलींच्या दारात एकट्याने गेलो, तर तेच विचारतील, भाऊ कुठे आहे?

रामकृष्ण हरी.