कामगार विमा आणि मेडिक्लेम

परळचं महात्मा गांधी रुग्णालय कामगार विमा योजनेचं. १९४८ च्या कायद्याने गिरणी कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापत, मालकही भर घाली आणि उपचार होत. पण सोय नोकरीला बांधलेली! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि मागोमाग विमाही. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, पण हप्ता आधी भरायचा. बेकार माणसाने तो आणायचा कुठून? २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या. तिथेही वयाबरोबर हप्ता चढतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच परवडेनासा होतो. (अजब गणित!) गिरणगावाला आधार राहिला जवळच्या के.ई.एम.चा. १९२६ पासूनच्या या महापालिकेच्या इस्पितळात केसपेपर काढायला पॉलिसी लागत नाही. रांग मात्र मोठी असते.