पोटातून बाहेर येणारी वायर

हमरिया फ्री झोनमध्ये मी गोदामांच्या संगणक प्रणालीचे काम करतो. इथे पॅनेलमध्ये केबल शिरते तिथे 'ग्लँड' घट्ट आवळतात, नाहीतर वाळू आणि दमट हवा आत गेलीच म्हणून समजा. माणसाच्या कातडीला मात्र असा ग्लँड नाही.

एका सहकाऱ्याच्या वडिलांना मुंबईत हृदयाचा पंप, म्हणजे एलव्हॅड, सुचवला गेला. घरात पहिला प्रश्न निघाला किमतीचा. दुसरा आईंनी विचारला, "तू तिकडे, मग रोज ड्रेसिंग कोण करणार?" मला या दुसऱ्या प्रश्नाने इतिहासाकडे नेले.

१९६६ साली ह्यूस्टनला डॉ. मायकेल डिबेकी यांनी शरीराबाहेरच्या पंपाने एका स्त्रीचे हृदय दहा दिवस सांभाळले आणि मग पंप काढून घेतला. दहा दिवस निभावतात, वर्षे निभावणे वेगळे! पंप छातीत बसला तरी वीज बाहेरच्या बॅटरीतूनच येणार, आणि तिची वायर पोटाच्या कातडीतून जाणार. ते भोक कधी पुरते बुजत नाही. सुरुवातीच्या 'हार्टमेट'ची वायर तर जाडच, कारण तिच्यात हवेची नळीही असे.

२००१ साली अमेरिकेतील 'रीमॅच' चाचणीचे निष्कर्ष आले. १२९ रुग्णांपैकी पंप बसवलेले ५२ टक्के वर्षभर जगले, केवळ औषधांवरचे २५ टक्के. पण पंपवाल्यांच्या ४१ मृत्यूंपैकी १७ रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने झाले. जंतू वायरीवर चिकट थर करून बसतात. अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही.

मग वायरीला मखमलीसारखे आवरण दिले, कातडी त्यात रुजावी म्हणून. पुढे उलटाच अनुभव आला. मखमल पूर्ण आत ठेवून गुळगुळीत भाग बाहेर काढला की संसर्ग कमी होतो.

आम्हा संगणकवाल्यांना वाटते, वायरच नको! तेही झाले. १९९९ मध्ये जर्मनीत कातडीवरून वीज पुरवणारा 'लायनहार्ट' बसवला गेला. काही वर्षांत तो बंद पडला. २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेल्या 'हार्टमेट ३'मध्ये रक्ताच्या गुठळ्या खूप कमी झाल्या, संसर्ग मात्र तेवढा हटला नाही.

म्हणून अजूनही मास्क, हातमोजे, निर्जंतुक पट्टी, वायरीला हिसका बसू नये म्हणून पोटावर पट्टा. पोहणे बंद, गणपती विसर्जनालाही काठावरच. सहकाऱ्याच्या घरी आता धाकटी बहीण ड्रेसिंग शिकते आहे.