खबऱ्याची सही आणि ग्रंथकाराचे नाव

१५८३ च्या वसंतापासून लंडनमधील फ्रेंच राजदूताच्या वाड्यातून सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅमकडे गुप्त पत्रे जाऊ लागली. वॉल्सिंगहॅम हा राणी एलिझाबेथचा प्रमुख सचिव. हेरगिरीची सूत्रे त्याच्या हाती होती. सदोष फ्रेंचमधील या पत्रांखाली ‘हेन्री फॅगट’ अशी सही आहे. स्कॉटलंडच्या पदच्युत राणी मेरीचे हस्तक थ्रॉकमॉर्टन आणि लॉर्ड हेन्री हॉवर्ड रात्रीच्या वेळी राजदूत कास्तेल्नोकडे येतात, राजदूताचा चिटणीस पैशाने वळण्याजोगा आहे, असा मजकूर त्यांत आढळतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात थ्रॉकमॉर्टन पकडला गेला. छळयंत्रावर त्याने कबुली दिली आणि जुलै १५८४ मध्ये त्याला देहदंड झाला.

हा फॅगट कोण? १९९१ मध्ये इतिहासकार जॉन बॉसी यांनी उत्तर दिले : तत्त्वज्ञ जॉर्दानो ब्रूनो. १५८३ ते १५८५ या काळात ब्रूनो त्याच वाड्यात राहत होता. तो दीक्षित डोमिनिकन. फॅगटही धर्मोपदेशक असून पापनिवेदनात ऐकलेली गोष्टसुद्धा त्याने वर कळवली. फॅगटच्या फ्रेंचवर इटालियनची छाया बॉसींना दिसली. पोपविषयीचा तिरस्कारही समान वाटला. लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सहा इटालियन संवादांपैकी तीन ब्रूनोने कास्तेल्नोला अर्पण केले, तर दोन वॉल्सिंगहॅमचा जावई फिलिप सिडनी याला. आश्रयदाता आणि त्याचा प्रतिपक्ष या दोहोंशी एकाच लेखणीचे नाते जुळत होते.

परंतु पत्रांतील अक्षर ब्रूनोचे दिसत नाही. ते मुद्दाम पालटले असावे, असे बॉसींना मानावे लागले. विरोधी पुराव्यालाच वेशांतराचा पुरावा ठरवणारे हे अर्थनिर्णयन कधीच खोटे ठरू शकत नाही. म्हणूनच ते दुबळे आहे. शिवाय १५९२ मध्ये व्हेनिसच्या धर्मन्यायासनापुढे, आपण राजदूताच्या घरी राहत असूनही मिसा या प्रार्थनाविधीला जात नव्हतो, असे ब्रूनोने सांगितले. अर्थात ही जबानीही निरपेक्ष नव्हे. खबऱ्याचे पत्र आणि आरोपीची जबानी ही दोन्ही सत्तेला उद्देशून घडलेली भाषिते होत. एकात बक्षिसाची आशा आहे, दुसऱ्यात शिक्षेचे भय. त्यांचा संबोधित कोण, हे बाजूला ठेवून त्यांचे वाचन होऊ शकत नाही. पुढे २००१ च्या ग्रंथात बॉसींनीच राजदूताच्या पत्रव्यवहाराच्या नकला फोडणारा म्हणून लोराँ फेरों या लेखनिकाचे नाव पुढे आणले. त्यामुळे या प्रकरणातील फॅगटचे महत्त्व कमी झाले.

तरीही ब्रूनोचे नाव हवेसे वाटते, याचे कारण वाङ्मयीन आहे. लेखकाचे नाव हे संहितांचे वर्गीकरण करणारे कार्य असते, असे फूको याने १९६९ मध्ये मांडले. अनामिकाकडे राहिल्यास ही पत्रे दप्तरातील चिठ्ठ्या उरतात. ब्रूनोच्या नावावर जमा होताच त्या एका विचारवंताच्या लेखनसंभाराचा भाग होतात आणि त्याचे संवादही द्वयर्थी भासू लागतात. ‘फॅगट’ म्हणजे जळणाच्या काटक्यांची मोळी. ब्रूनोला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळले गेले. हा योगायोग मोहक आहे, पण १५८३ मध्ये सही करणाऱ्या हाताला ही चिता ठाऊक नव्हती. शेवट आधी माहीत असलेल्या वाचकाने तो अर्थ सहीत घातला आहे.

लेखकत्वाचा निर्णय येथे केवळ ग्रंथसूचीचा विषय राहत नाही. ही पत्रे ब्रूनोची ठरली, तर आपल्या यजमानाचा विश्वासघात आणि पापनिवेदनाच्या गुप्ततेचा भंगही त्याचा ठरतो. बंद दाराआडच्या हालचालींवरून एखाद्याचे नाव वर कळवणे हा फॅगटचा व्यवसाय होता. शैलीसाम्याच्या आधारे ब्रूनोचे नाव घेणारा अभ्यासक त्याच कृतीच्या जवळ जातो. थ्रॉकमॉर्टनला निदान प्रश्न विचारले गेले, तेही छळयंत्रावर. ब्रूनोला उत्तराची तेवढीही सोय नाही. म्हणून निर्णायक पुरावा हाती येईपर्यंत फॅगटच्या पत्रांवर फॅगटचेच नाव राहू देणे हा चिकित्सेचा किमान धर्म आहे.