होकार कशास द्यावयाचा?

एकानें प्रस्ताव मांडावा व दुसऱ्यानें तो राजीखुषीनें स्वीकारावा, हा कराराचा पाया. मोबदला, पक्षांचें सज्ञान असणें या अटी त्यावर उभ्या राहतात. १८७२ च्या करार-कायद्याचें हें तत्त्व वरकरणी साधें दिसतें. पण १९१३ सालीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयांत त्याची कसोटी लागली.

कानपूरच्या गौरीदत्त यांचा पुतण्या घरांतून नाहींसा झाला. त्यांनीं आपले मुनीम लालमन शुक्ल यांस शोधासाठीं हरिद्वारास धाडलें. मागाहून पत्रकें निघालीं: मुलास शोधून काढणारास ५०१ रुपये बक्षीस! लालमन यांस मुलगा हृषीकेश येथें सांपडला. मात्र बक्षिसाची वार्ता तोंवर त्यांच्या कानीं आली नव्हती. पुढें त्यांनीं दावा केला. तो फेटाळला गेला, व उच्च न्यायालयानेंही त्यांस दाद दिली नाहीं. जो प्रस्ताव ठाऊकच नाहीं, त्यास होकार कसा देणार? शिवाय मुलाचा शोध हें तर त्यांनीं पत्करलेलेंच काम होतें.

धन्यानें खुशीनें दिलें तेवढेंच मुनिमाच्या हातीं राहिलें. आपणांस हें कठोर वाटेल. परंतु कायदा नुसते कष्ट मोजीत नाहीं. दोघांनीं एकच गोष्ट जाणून मान्य केली कीं नाहीं, हें तो आधीं पाहतो. म्हणून देण्याघेण्याचें बोलणें कामापूर्वींच स्पष्ट झालेलें बरें.