न्यायालयीन अभिलेख, स्थानिक (महाराष्ट्र)

तालुका व जिल्हा पातळीवरील न्यायालयांत दाखल झालेले दावे, खटले व अर्ज यांची मूळ कागदपत्रे, त्यांवरील आदेश व निकाल आणि या सर्वांच्या नोंदवह्या यांना मिळून स्थानिक न्यायालयीन अभिलेख म्हणतात. महाराष्ट्रात त्यांची मांडणी, जतन व नकला यांचे नियमन प्रामुख्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या दिवाणी व फौजदारी नियमपुस्तिकांनुसार (सिव्हिल मॅन्युअल, क्रिमिनल मॅन्युअल) होते. नगरपालिका व महानगरपालिकांशी संबंधित प्रकरणे याच न्यायालयांत विखुरलेली असतात. काही शहरांत पालिकेच्या खटल्यांसाठी दंडाधिकाऱ्याचे वेगळे न्यायालय नेमलेले असते. त्याचे अभिलेखही याच चौकटीत ठेवले जातात.

न्यायालये व प्रकरणांचे प्रकार : तालुक्याच्या ठिकाणी सहसा एकच न्यायाधीश दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी अशी दोन्ही कामे पाहतो. त्यावर दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) व जिल्हा न्यायालय असते. मुंबई शहरात नगर दिवाणी न्यायालय (१९४८ च्या अधिनियमाने स्थापित) व लघुवाद न्यायालय वेगळी आहेत. प्रकरण कोणत्या दालनात शोधायचे हे त्याच्या प्रकारावरून ठरते. कनिष्ठ स्तराकडील दाव्याला रेग्युलर मुकदमा (रे. मु. नं.), मोठ्या मूल्याच्या, वरिष्ठ स्तराकडील दाव्याला स्पेशल मुकदमा, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला दरखास्त, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणाला एल.ए.आर. आणि मोटार अपघात भरपाईच्या अर्जाला एम.ए.सी.पी. म्हणतात. फौजदारी बाजूला आर.सी.सी. (नियमित), एस.सी.सी. (संक्षिप्त) व सत्र खटला हे मुख्य प्रकार होत.

क्रमांक : प्रकरण दाखल होताच दाखल क्रमांक मिळतो. छाननीत त्रुटी निघाल्या नाहीत, किंवा निघालेल्या दूर झाल्या, म्हणजे नोंदणी क्रमांक पडतो. ‘रे. मु. नं. ११२/२००९’ या स्वरूपाचा क्रमांक वकिलांच्या व पक्षकारांच्या तोंडी असतो तो हाच. मात्र तो त्या न्यायालयापुरताच एकमेव असतो. शेजारच्या तालुक्यातही त्याच वर्षी ११२ क्रमांकाचा दावा असू शकतो. संगणकीकरणानंतर प्रत्येक प्रकरणाला सोळा वर्णांचा सीएनआर (केस नंबर रेकॉर्ड) क्रमांक मिळू लागला. त्यात राज्य व जिल्ह्याची चार अक्षरे (पुण्यासाठी एम, एच, पी, यू), न्यायालय आस्थापनेचे दोन अंक, प्रकरणाचे सहा अंक व वर्षाचे चार अंक असा क्रम असतो. नवीन तालुका न्यायालय स्थापन झाले किंवा अधिकारिता बदलली की जुने दावे वर्ग होतात व त्यांना नवे क्रमांक मिळू शकतात. जुन्या निकालपत्रावरील क्रमांकाने शोध लागत नसेल, तर प्रथम ही शक्यता तपासली जाते.

संगणकीय शोध : देशपातळीवरील ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ पासून टप्प्याटप्प्याने राबवला गेला. तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग हा या टप्प्याचा मोठा भाग आहे. प्रकल्पासाठीची प्रकरण माहिती प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात विकसित झाली. संकेतस्थळावर व मोबाइल अ‍ॅपवर सीएनआर, पक्षकाराचे नाव, दाखल किंवा नोंदणी क्रमांक, वकील, अधिनियम आणि पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक यांवरून शोध घेता येतो.

नावावरून घेतलेला शोध सर्वांत कमी भरवशाचा. नावे रोमन लिपीत, लिपिकाला सुचेल त्या स्पेलिंगने चढवलेली असतात. एकच ‘जगन्नाथ’ तीन-चार रूपांत सापडतो. विवाहित स्त्रियांची नावे कधी माहेरची, कधी सासरची असतात. शासन पक्षकार असेल तर नोंद ‘महाराष्ट्र शासन’ या नावाखाली असते, कधी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाखालीही. पालिकेची नोंद आयुक्त, मुख्याधिकारी किंवा पालिकेच्या नावाने, अशा तिन्ही ठिकाणी पाहावी लागते. संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेली बरीच प्रकरणे तेथे मुळीच नसतात. त्यामुळे नाव सापडले नाही, यावरून प्रकरणच नव्हते असे म्हणता येत नाही. मालमत्तेच्या शोध अहवालात (सर्च रिपोर्ट) ही मर्यादा स्पष्ट लिहिण्याची पद्धत चांगल्या वकिलांत आहे.

पडद्यावर दिसते ती प्रकरणाची स्थिती. ‘निकाली’ या शेऱ्यामागे गुणदोषांवर झालेला निकाल असतो, वादीच्या गैरहजेरीत काढून टाकलेला दावा असतो, मागे घेतलेला असतो किंवा लोकअदालतीतील तडजोडही असते. यांतील प्रत्येकाचा परिणाम वेगळा. गैरहजेरीत काढून टाकलेला दावा अर्जाने पुन्हा नंबरावर येऊ शकतो. लोकअदालतीचा निवाडा मात्र विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील नाही. अशा प्रकरणात निकालपत्र शोधू नये, तडजोड पुरसीस (न्यायालयात दिलेले लेखी निवेदन) व निवाडा पाहावा.

प्रकरणाचे अंतरंग : दिवाणी प्रकरणातील प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला निशाणी क्रमांक असतो. दावा निशाणी १. तूर्तातूर्त मनाई हुकुमाचा अर्ज बहुतेक न्यायालयांत निशाणी ५. ही गोष्ट इतकी रूढ आहे की ‘निशाणी पाच’ म्हटले की मनाईचाच अर्ज समजला जातो. त्यानंतर प्रतिवादीची कैफियत, मुद्दे, सरतपासाची शपथपत्रे, उलटतपास, मुदतीचे अर्ज व पुरसीस क्रमाने येतात. दस्तऐवज यादीसोबत दाखल होतात व प्रथम त्यांना यादीचाच उपक्रमांक असतो (उदा., ३/१, ३/२). शाबीत झाल्यावरच स्वतंत्र निशाणी पडते. एखादे खरेदीखत प्रकरणात दिसते, पण त्यावर स्वतंत्र निशाणी नाही, याचा अर्थ ते सहसा पुराव्यात वाचले गेलेले नाही. नवख्या वाचकाकडून सर्वाधिक निसटते ते हेच.

रोजनामा हा प्रकरणाचा तारीखवार इतिहास होय. ‘वादी व त्यांचे वकील हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज, निशाणी २२. खर्चासह मंजूर. पुढील तारीख उलटतपासासाठी’ अशा तुटक वाक्यांत तो लिहिलेला असतो. निकालपत्रात न आलेल्या गोष्टी येथे सापडतात : समन्स कधी व कसे बजावले, कैफियत मुदतीत आली की विना कैफियत आदेश झाला, मयत पक्षकाराचे वारस नोंदले की दावा अबेट झाला (संपुष्टात आला). एकतर्फी हुकूमनाम्याच्या वैधतेचा वाद पुष्कळदा समन्स बजावणीच्या एका ओळीवर आणि बेलिफाच्या अहवालावर ठरतो.

निकालपत्र व हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणमीमांसा असते. हुकूमनाम्यात कोणी कोणाला काय द्यायचे किंवा काय करायचे एवढेच असते. वाटपाच्या दाव्यात प्रथम प्राथमिक हुकूमनामा होऊन हिस्से ठरतात. शेतजमीन शासनाला आकारणी भरणारी असेल, तर प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि पुढे तहसीलदार व भूमी अभिलेख कार्यालयामार्फत होते. म्हणून न्यायालयाच्या संगणकावर वर्षानुवर्षे ‘निकाली’ दिसणारे प्रकरण महसुली दप्तरात जिवंत असते. प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे हुकूमनाम्यावरून कळत नाही. त्यासाठी दरखास्त झाली का व तिच्यात ताबा पावती आहे का हे पाहावे लागते. दरखास्तीची सर्वसाधारण मुदत बारा वर्षे आहे. अपील झाले असेल तर मूळ प्रकरण (आर. अँड पी.) वरच्या न्यायालयाने मागवून घेतलेले असते व खालच्या न्यायालयात फक्त पाठवल्याची नोंद मिळते.

प्रलंबित दावा आणि मालमत्ता खरेदी यांबाबत महाराष्ट्रातील कायदा इतर बहुतेक राज्यांहून वेगळा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, दावा प्रलंबित असल्याची नोटीस (लिस पेंडन्स) नोंदणी कार्यालयात नोंदवल्यावरच त्या कलमाचा बंधनकारक परिणाम मिळतो. त्यामुळे न्यायालयाच्या शोधासोबत दुय्यम निबंधकाकडील सूची क्र. २ पाहणे आवश्यक ठरते. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दाव्याची नोंद असली, तरी ती या नोंदणीची जागा घेत नाही.

पालिकाविषयक प्रकरणे : करयोग्य मूल्याविरुद्धची अपिले मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात, तर इतर महानगरपालिकांत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४०६ खाली बहुधा दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात. मुंबईत अनधिकृत बांधकामाबद्दल बहुधा कलम ३५१ ची नोटीस निघते व तिला आव्हान देणारे दावे नगर दिवाणी न्यायालयात आढळतात. परवाना, अस्वच्छता इत्यादींचे खटले संक्षिप्त स्वरूपाचे असतात. आरोपीने गुन्हा कबूल करून दंड भरला की प्रकरण चार-पाच पानांत संपते. नोटीस, पंचनामा व सुनावणीची मूळ टिपणी पालिकेच्या संचिकेत राहते. तिला मात्र माहितीचा अधिकार लागू आहे.

फौजदारी अभिलेख : गुन्हा क्रमांक व पोलीस ठाणे यांवरून शोध लागतो. दोषारोपपत्र सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याचा दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरवले.

महसूल न्यायालये : तहसीलदार, प्रांत व अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढील अर्धन्यायिक प्रकरणे, तसेच मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालील रस्त्याचे व अडथळ्याचे दावे ई-कोर्ट्सवर नसतात. त्यांची प्रणाली वेगळी आहे.

नकला : सही-शिक्क्याच्या नकलेसाठी नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज करतात, तातडीच्या नकलेचे शुल्क अधिक असते. अर्जात निशाणी क्रमांक व तारीख लिहिली तर काम लवकर होते. नुसते ‘संपूर्ण कागदपत्रे’ लिहिलेले अर्ज रेंगाळतात. नकलेवरील शिक्क्यात अर्जाची, नक्कल तयार झाल्याची व दिल्याची अशा तारखा असतात. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, तो याच तारखांवरून मोजतात. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत माहितीपुरती असते. तिला प्रमाणित नकलेचे स्थान नाही. पक्षकार नसलेल्या व्यक्तीला कारण दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अशा नकला माहितीच्या अधिकाराखाली नव्हे, तर उच्च न्यायालयाच्या नियमांखालीच मिळतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी दिला.

निर्बंध : लैंगिक गुन्ह्यांतील पीडित, बालके व हिंदू विवाह अधिनियमाखालील कार्यवाही यांबाबत प्रकटनास कायद्याची मनाई आहे. निर्दोष सुटलेल्यांची नावे ऑनलाइन अभिलेखातून काढावीत की नाही, यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी भूमिका घेतली आहे.

भाषा व लिपी : १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा झाली. व्यवहारात दावा, कैफियत व जबाब पुष्कळदा मराठीत आणि निकालपत्र इंग्रजीत असते. जुन्या प्रकरणांत मोडीतील खते आढळतात व त्यांचे देवनागरी लिप्यंतर सोबत जोडलेले असते. मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेख मुख्यतः उर्दूत आहेत.

जतन व नाश : प्रकरण निकाली निघाल्यावर त्यातील कागदांची महत्त्वानुसार वर्गवारी करून ते अभिलेख कक्षात गठ्ठ्यांत ठेवतात. तालुक्यांचे जुने गठ्ठे बहुतेक ठिकाणी कालांतराने जिल्ह्याला जातात. निकालपत्र व हुकूमनामा सर्वांत जास्त काळ टिकतात. मुदतीचे अर्ज, समन्स यांसारखे कागद अभिलेख नाश अधिनियम, १९१७ व त्याखालील नियमांप्रमाणे आधी नष्ट होतात. पक्षकारांनी मूळ दस्तऐवज त्यापूर्वीच परत मागून घ्यावेत अशी अपेक्षा असते. कागद नष्ट झाले असल्यास दिवाणी दाव्यांची नोंदवही हाच आधार उरतो. तिच्या रकान्यांत पक्षकार, दाव्याचे स्वरूप, निकाल, अपील व दरखास्त यांचा गोषवारा असतो.