हॅमंड ऑर्गन : मूळ आणि प्रतिकृती

मूळ वाद्य श्रेष्ठ व डिजिटल प्रतिकृती कनिष्ठ, हा वादकांतील समज हॅमंड ऑर्गनच्या इतिहासाशी ताडून पाहावयास हवा. १९३५ साली अमेरिकेत विक्रीस आलेले हे विद्युत्-वाद्य चर्चमधील पाइप ऑर्गनचा स्वस्त पर्याय म्हणून पुढे आले; त्याच्याशी बरोबरी सांगणाऱ्या जाहिरातींना फेडरल ट्रेड कमिशनने १९३८ मध्ये मनाई केली. पट्टी दाबताच उमटणारा ‘टक्’ असा ध्वनी निर्मात्यांस दोष वाटे. जॅझवादकांनी तोच गुण मानला. दीडशे किलोंहून जड अशा ‘बी-३’ ऐवजी आज रंगमंचावर येणाऱ्या हलक्या डिजिटल वाद्यांत तो ‘दोष’ हेतुपुरस्सर घातलेला असतो. तात्पर्य, कालची प्रतिकृती वादकांच्या परंपरेमुळेच आजचे मूळ ठरली. नव्या प्रतिकृतीचा निवाडाही त्याच कसोटीवर व्हावा.