वापरलेल्या जाळे-उपकरणांची चाचणी

वापरलेल्या जाळे-उपकरणांची चाचणी म्हणजे सेवेतून काढून टाकलेले राउटर, स्विच, मोडेम, फायरवॉल, वाय-फाय ॲक्सेस पॉइंट इत्यादी उपकरणे पुन्हा वापरण्याजोगी आहेत, त्यांचे केवळ सुटे भाग उपयोगी आहेत, की ती पुनर्चक्रणासाठीच पाठवावीत, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. उपकरणात शिल्लक राहिलेली गोपनीय माहिती पुसणे हाही या प्रक्रियेचा अविभाज्य भाग मानला जातो.

आवश्यकता

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. जाळे-उपकरणे अनेकदा बिघाडामुळे नव्हे, तर अधिक वेगवान उपकरण आल्यामुळे बदलली जातात. त्यामुळे चाचणी न करता ती भंगारात काढल्यास चालू स्थितीतील वस्तू नष्ट होते. उलट, चाचणी न करता विकल्यास नव्या वापरकर्त्याच्या पदरी सदोष वस्तू आणि जुन्या मालकाची गुपिते पडतात.

चाचणीचे टप्पे

नोंद व बाह्य तपासणी : उपकरणाची कंपनी, प्रतिमान व अनुक्रमांक यांची नोंद केली जाते. फुगलेले कपॅसिटर, जळाल्याच्या खुणा, वाकलेल्या पिना, धुळीने तुंबलेला पंखा हे दोष डोळ्यांनी दिसतात.

विद्युत तपासणी : मूळ क्षमतेचा ॲडाप्टर लावून उपकरण सुरू केले जाते. पुष्कळदा दोष उपकरणात नसून ॲडाप्टरमध्ये असतो. त्यामुळे सुरू न होणारे प्रत्येक उपकरण निकामी ठरत नाही.

कन्सोलद्वारे तपासणी : कन्सोल पोर्टला संगणक जोडून सुरू होतानाचे संदेश, स्मृतीची स्थिती, तापमान व पंख्याचा वेग पाहिला जातो. अनेक उपकरणांत या जोडणीचा वेग ९६०० बॉड असतो.

पोर्टची तपासणी : केवळ दिवा लागणे पुरेसे नसते. प्रत्येक पोर्टमधून विदा पाठवून त्रुटींची संख्या मोजली जाते. केबलमधूनच वीज पुरविणाऱ्या स्विचवर प्रत्यक्ष भार टाकला जातो. आयईईई ८०२.३एएफ मानकानुसार प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट, तर ८०२.३एटी मानकानुसार ३० वॅटपर्यंत वीज मिळणे अपेक्षित असते. प्रकाशतंतूच्या मोड्यूलची शक्ती मापकाने मोजतात. त्यात डोळ्यांनी थेट पाहणे धोक्याचे असते.

दीर्घकाळ चाचणी : काही दोष उपकरण तापल्यावरच उघड होतात. म्हणून ते भाराखाली सलग काही तास चालविले जाते.

आज्ञावलीची स्थिती : उत्पादकाने सुरक्षा-सुधारणा देणे थांबविलेले उपकरण चालू असले तरी सुरक्षित नसते. केवळ डब्ल्यूईपी पद्धतीचे संरक्षण देणारे जुने वाय-फाय राउटर पुनर्वापरास अयोग्य समजले जातात, कारण त्या पद्धतीतील मूलभूत दोष २००१ मध्येच सिद्ध झाले होते.

विदा पुसणे

राउटरमध्ये परवलीचे शब्द, खासगी जोडणीच्या किल्ल्या व संस्थेच्या अंतर्गत जाळ्याचा आराखडा साठविलेला असतो. ईसेट या सुरक्षा-कंपनीने २०२३ मध्ये वापरलेल्या राउटरची तपासणी केली. तपासता आलेल्या १६ पैकी ९ राउटरमध्ये आधीच्या मालकांची संवेदनशील माहिती आढळली. वीज बंद केल्याने ही माहिती जात नाही. उत्पादकाच्या पद्धतीने मूळ स्थिती आणून, उपकरण पुन्हा सुरू करून खात्री करावी लागते. दूरस्थ सेवेद्वारे चालविले जाणारे उपकरण जुन्या मालकाच्या खात्यातूनही काढावे लागते. मालमत्तेची चिठ्ठी आणि तिच्यावर लिहिलेला परवलीचा शब्द काढणेही आवश्यक असते.

भारतातील नियम

भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये अधिसूचित झाले व १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ चे नियम आले. सध्याचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात असून त्यांच्या अनुसूचीत राउटर व मोडेमचा समावेश आहे. उत्पादक, नूतनीकरण करणारे व पुनर्चक्रण करणारे यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देखरेखीची जबाबदारी आहे. एका आर्थिक वर्षात अनुसूचीतील किमान १,००० नग वापरणारी संस्था 'मोठा ग्राहक' ठरते. तिने ई-कचरा नोंदणीकृत घटकांकडेच सोपविणे बंधनकारक आहे.

सोलापूरच्या संदर्भात

सोलापूर शहरात महानगरपालिका (स्थापना १९६४), मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आणि २००४ मध्ये स्थापन झालेले व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा समावेश होता. अशा शहरात कार्यालये व महाविद्यालये यांची जाळी मोठी असतात. मात्र लहान शाळा, महाविद्यालये व यंत्रमाग कारखाने १,००० नगांच्या मर्यादेखाली राहिल्यास 'मोठा ग्राहक' या व्याख्येत येत नाहीत. तेथे जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखन करण्यापूर्वी चाचणी व्हावी की नाही, हे बहुतांशी त्या संस्थेच्या विवेकावर अवलंबून राहते.

येथील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानातील दर १० अंश वाढीमागे ढोबळमानाने निम्मे होते. यंत्रमागाजवळील उपकरणांत सुताचे तंतू शिरून पंखे व झरोके तुंबू शकतात. म्हणून अशा ठिकाणच्या उपकरणांची सफाई व दीर्घकाळ चाचणी विशेष महत्त्वाची ठरते.

निकामी उपकरणांचे पुनर्चक्रण

चाचणीत अनुत्तीर्ण ठरलेल्या उपकरणातून वीजपुरवठा संच, पंखे व मोड्यूल सुटे भाग म्हणून काढले जातात. उरलेल्या भागांतून लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे आणि अत्यल्प प्रमाणात सोने मिळते. जुन्या जोडकामातील डाखात शिसे असते. तांब्यासाठी केबल जाळणे आणि सोन्यासाठी पट्ट्या आम्लात बुडविणे या असंघटित व्यवसायातील पद्धतींमुळे कामगारांचे आरोग्य, हवा व पाणी यांची हानी होते. त्यामुळे असे भाग नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच देणे अपेक्षित आहे.

हे सुद्धा पहा

ई-कचरा
राउटर
पुनर्चक्रण
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
सोलापूर